तुझ्या झग्यातून नको

चिमणीचे दात म्हणजे काय, हे हल्लीच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. गोळी एक आणि पोरी दोघी. गोळी तोंडात घालून फोडली तर उष्टी होते, आणि उष्टं खायचं नाही असं घरोघरी बजावलेलं. मग गोळी झग्याच्या टोकात गुंडाळायची, कापडावरून दाढेखाली धरायची आणि दाबायची. कापडातल्या कापडात दोन तुकडे होतात. तोंड कापडाला लागलं, गोळीला लागलं नाही. म्हणजे गोळी आपण फोडलीच नाही, चिमणीनं फोडली, आणि चिमणीचं उष्टं चालतं. हे कुणी ठरवलं माहीत नाही, पण आमच्या कवठ्याच्या शाळेत त्यावर कधी कुणी शंका काढली नाही.

मध्यंतरी माझ्या भाचीला शाळेत वाटून खाण्यावर गोष्ट सांगायची होती. तिच्या पुस्तकात खार आणि मैना होत्या. दोघी भांडतात, एक माफी मागते, शेवटी दोघी मिळून पेरू खातात. तिला ती आवडली नाही. "खरी सांग," म्हणाली. मग मी तिला माझी आणि माझ्या मैत्रिणीची सांगितली. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "आत्या, मग बट्टी झाली का?" मी म्हटलं, "झाली." शाळेपुरतं तेवढं बास होतं. उरलेलं इथे लिहिते.

आम्ही धनगर. आजोबांपर्यंत घर म्हणजे घोड्यावरचं बिऱ्हाड आणि मागे मेंढरं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावाबाहेरच्या माळावर थोडी जमीन धरली, दोन खोल्या बांधल्या आणि आम्हाला शाळेत घातलं. मेंढरं मात्र सोडली नाहीत. रब्बी निघाली की गावातले शेतकरी त्यांना बोलवायचे. रिकाम्या वावरात जाळीची वाघूर लावून रात्री मेंढरं बसवायची, लेंडी पडली की जमिनीला जोर येतो. बदल्यात धान्य मिळायचं. घरात आम्ही घोंगडीवर झोपायचो, घोंगडीवर बसायचो, आणि पाहुणा आला की त्यालाही घोंगडीच टाकायचो. हे मी लाज वाटून सांगत नाही. होतं तसं सांगते.

माझी मैत्रीण गावातल्या बागायतदाराची थोरली मुलगी. त्यांची विहीर होती, मोटार होती, तिचे आप्पा सोसायटीच्या निवडणुकीत उभे राहायचे. पहिलीच्या वर्गात गुरुजींनी आम्हा दोघींना एका पट्टीवर बसवलं आणि आम्ही तिथेच राहिलो. ती बोलकी होती, हसायला लागली की तिला उचकी लागायची. तिच्याकडे गोळी घ्यायला पैसे असायचे, माझ्याकडे नसायचे. पण बोरं, चिंचा आणि माळावरची करवंदं मी आणायची. त्यामुळे हिशेब कुणी मांडला नाही. गोळी फोडायची ती मात्र पाळीपाळीने, एकदा तिच्या झग्यातून, एकदा माझ्या. लिमलेटची नारिंगी गोळी, संत्र्याच्या फोडीसारखी. मोठा तुकडा कुणाचा यावरून आम्ही भांडल्याचं मला आठवत नाही. ज्याच्या झग्यातून फुटली त्यानं लहान घ्यायचा, असं आपोआपच ठरलं होतं.

चौथीत असताना शिरूरहून एक मुलगी आमच्या वर्गात आली. तिच्या वडिलांची बदली झाली होती. तिच्या रिबिनी रोज वेगळ्या असायच्या. मधल्या सुट्टीत आम्ही तिघी-चौघी लिंबाखाली बसलो होतो. माझ्या मैत्रिणीनं गोळी काढली. त्या दिवशी पाळी माझ्या झग्याची होती. मी टोक पुढं केलं.

माझी मैत्रीण म्हणाली, "तुझ्या झग्यातून नको गं. मेंढराचा वास येतो. माझ्यातून फोडू."

ती रागावून बोलली नाही, चिडवूनही नाही. पाटी ओली आहे, दुसरी घे, असं सांगावं तशी बोलली. आणि गोळी स्वतःच्या झग्यात गुंडाळायला लागली.

शिरूरची मुलगी हसली. मागं बसलेल्या एकीनं लगेच सुरू केलं, "गोळी न्हाई गं ती. लेंडी हाय, लेंडी."

सगळ्या हसल्या. माझी मैत्रीणही हसली, कारण तिला कशावरही हसू यायचं. तिला उचकी लागली. मी उठले आणि करंगळी पुढं केली. कट्टी.

आमच्याकडे कट्टी करंगळीनं करायची आणि बट्टी पहिली दोन बोटं जोडून. त्यातही एक नियम होता. ज्यानं कट्टी केली त्यानंच ती सोडायची. दुसऱ्यानं फार तर दोन बोटं दाखवायची आणि वाट बघायची. दोन बोटांना समोरून दोन बोटं आली नाहीत, तर कट्टी तशीच.

त्या दिवशी घरी आल्यावर मी झगा काढला आणि हौदावर जाऊन घासला. साबणाची अर्धी वडी संपवली. आई म्हणाली, "कुनाच्या लग्नाला चाललीस का?" मी झगा दोरीवर टाकला, आणि रात्री वारा सुटल्यावर आईनं तो उचलून घोंगडीवर ठेवला. सकाळी वास होता तिथं होता. तोवर मला तो कधी आला नव्हता. तेव्हापासून येतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या मैत्रिणीनं अख्खी गोळी आणली.

"अख्खी घे," म्हणाली. "मला नको. सगळी तुला."

मी मान फिरवली. पुढच्या दिवशी तिनं दोन आणल्या. मग घरचा शेंगदाण्याचा लाडू आणला. मग तिची कंपासपेटी, आतल्या कर्कटकासकट, माझ्या पिशवीत कोंबली. मी ती तिच्या जागेवर नेऊन ठेवली. दर वेळी ती आधी दोन बोटं जोडून दाखवायची आणि मग हातातली वस्तू पुढं करायची. वस्तू दर वेळी मोठी होत गेली.

मला अख्खं नको होतं. मला अर्धं हवं होतं, माझ्या झग्यातून फोडलेलं. तिनं एवढंच करायचं होतं, माझा झगा हातात घ्यायचा, त्यात गोळी गुंडाळायची आणि सगळ्यांसमोर दाताखाली धरायची. अख्खं कुणालाही देता येतं. दारात आलेल्या माणसालाही आपण अख्खं देतो. पण हे तिला सांगायचं कसं? सांगून करवून घेतलं तर त्यात काय राहिलं? मी तेव्हा असाच विचार करायची, आणि खरं सांगायचं तर आजही मला त्यात चूक दिसत नाही.

वर्गात मला 'लेंडी' नाव पडलं ते सातवीपर्यंत टिकलं. माझ्या मैत्रिणीनं त्या नावानं मला कधी हाक मारली नाही. उलट हाक मारणाऱ्यांशी ती भांडायची. एका पोरीच्या तर तिनं झिंज्या उपटल्या. पण हे नाव निघालं कुठून, ते तिच्या डोक्यात नव्हतं. तिला वाटायचं, मी अशीच रुसलेय. कशावरून तरी.

पाचवीच्या उन्हाळ्यात तिच्या आप्पांनी आबांना निरोप पाठवला, आमच्या वावरात मेंढरं बसवा. त्याआधी ते दर साली दुसऱ्या एकाला बोलवायचे. आबा खूश झाले. मला नंतर कळलं की तिनं घरात हट्ट धरला होता. आमचं बिऱ्हाड त्यांच्या विहिरीजवळ पडलं, आणि तिसऱ्या प्रहरी ती एकटीच बांधावरून चालत आली. आईनं तिला बसायला पोतं दिलं. ती पोत्यावर न बसता माझ्याजवळ घोंगडीवर बसली. आईनं दिलेली भाकरी तिनं खाल्ली, वर ठेचा मागून घेतला. आबांनी विचारलं, "वास येतोय का गं पोरी मेंढरांचा?"

"येतोय की," ती म्हणाली. "तुमच्या मेंढरांना आमच्या म्हशीचा येत असंल."

आबा खूप हसले. मीही हसू दाबलं. तिनं मग परकराच्या ओच्यातून मूठभर लिमलेटच्या गोळ्या काढल्या आणि माझ्याकडे बघत बसली. आई-आबा मेंढरांकडे गेले. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, सगळ्यांसमोर नको. इथंच. आणि मी माझ्या झग्याचं टोक तिच्यापुढं धरलं.

तिचा चेहरा एकदम उजळला. तिनं मुठीतल्या सगळ्या गोळ्या माझ्या झग्यात ओतल्या. "घे," म्हणाली, "सगळ्या घे." आणि दोन बोटं दाखवून, उत्तराची वाट न बघता, उड्या मारत बांधावरून पळाली. तिला वाटलं मी ओटी पसरली.

ओटी पसरणं म्हणजे मागणं. आमच्यात बायका देवापुढं पसरतात, आणि कधी नाइलाज झाला तर माणसांपुढं. त्या गोळ्या मी मेंढरांपुढं टाकल्या. मेंढरांनी हुंगल्या आणि सोडून दिल्या.

त्यानंतर आम्ही एका वर्गात दहावीपर्यंत होतो. बोलणं नव्हतं असं नाही. वही दे, प्रश्न कुठला आला, बाई बोलावतायत, एवढं बोलायचो. पण कट्टी सुटली नव्हती आणि ते दोघींना माहीत होतं. एवढ्या मोठ्या मुली झाल्यावरही ती कधी कधी बाकाखालून दोन बोटं दाखवायची. थट्टेत दाखवायची आणि मग खिडकीबाहेर बघायची.

दहावीचा निकाल लागायच्या आत तिचं लग्न झालं. दौंडकडचं स्थळ, चौफुल्याजवळचं गाव, ऊस, आणि मुलाचा स्वतःचा ट्रक. गावात सगळे म्हणत होते पोरीनं नशीब काढलं. मी लग्नाला गेले. ती मुंडावळ्या बांधून उभी होती, अंतरपाटाआडून इकडे-तिकडे बघत होती. मी दिसल्यावर तिनं शालूच्या पदराआडून दोन बोटं जोडून दाखवली. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते. माझ्या हातात अक्षता होत्या. मी त्या टाकल्या.

मी शिकले. आमच्या घरात, भावकीत, आणि माझ्या माहितीप्रमाणे आमच्या सगळ्या वस्तीत पहिली. सकाळची एसटी पकडून शिरूरला कॉलेजला जायची. बस भरलेली असली तर दारात उभी राहून, पदवी मिळेपर्यंत. आबांना लोक विचारायचे, "पोरीचं लगीन कवा?" आबा म्हणायचे, "ती बी.ए. व्हतीय." बी.ए. म्हणजे काय हे त्यांना नीट माहीत नव्हतं, पण ते असं म्हणायचे की समोरचा पुढं विचारायचा नाही. कुणी काही म्हणो, हे मी माझ्या जिवावर केलंय आणि ते सांगताना मी मान खाली घालत नाही.

पुढं शिक्रापूरला एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी लागली. मी तिथंच खोली घेऊन राहिले. एका रविवारी घरी गेले तर आईनं आधी चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "तुझ्या मैत्रिणीचा नवरा गेला."

"कधी?"

"झालं की. दिवाळीच्या आदी. तसल्या आजारानं गेला म्हनत्यात." मग आवाज खाली करून म्हणाली, "तिला बी हाय."

त्या वर्षांत 'तसला आजार' म्हणजे एकच. एड्स. हायवेच्या दोन्ही बाजूंच्या गावांतून ट्रकवरची पोरं एकामागून एक आजारी पडत होती, आणि त्यांच्या बायका मागं राहत होत्या. आमच्या कारखान्यात गाड्या भरायला येणाऱ्या ड्रायव्हरांसाठी एकदा शिबिर झालं होतं. भिंतीवर चित्रं लावली होती. एका ताटात जेवल्यानं होत नाही, एका पेल्यानं होत नाही, हात धरल्यानं होत नाही. हिंदीत आणि मराठीत. ड्रायव्हर चित्रांकडे बघून एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. मी ती सगळी वाचली होती.

"ती माहेरी का येत नाही?" मी आईला विचारलं.

"तिच्या आप्पांनी न्हाई म्हनून सांगितलं. धाकटीचं जमायचं हाय अजून."

शिबिर घेणाऱ्या बाईंना मी कारखान्यातून फोन केला. त्या म्हणाल्या, पुण्याला सरकारी दवाखान्यात आता औषध फुकट मिळायला लागलंय. रोज घ्यायच्या गोळ्या. माणूस बरा होत नाही, पण जगतो. फक्त पहिल्या वेळी बरोबर कुणीतरी यावं लागतं, हिच्या गोळ्या चुकणार नाहीत असं सांगणारं. मी म्हटलं, मी येईन.

ती एकटी पुण्याला जाणार नव्हती आणि तिला नेणारं दुसरं कुणी नव्हतं. एवढं सरळ होतं. तिनं माझ्याबरोबर यायला तर पाहिजे होतं, आणि कट्टी असलेल्या माणसाबरोबर कुणी कशाला येईल? म्हणून आधी ती सोडायची, हे मी एसटीत बसतानाच ठरवलं. न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी गाडी होती. चौफुल्याला उतरल्यावर टपरीवर काचेच्या बरणीत लिमलेटच्या गोळ्या दिसल्या, अजून तशाच नारिंगी. मी एक पुडी घेतली.

तिचं घर उसाच्या कडेला होतं. मोठ्या घराच्या मागं पत्र्याची एक खोली, ती तिला दिलेली. बाहेर भिंतीला खिळ्यावर एक ताटली, एक पेला, कडी तुटलेला एक कप. तिची सासू ओसरीवरून म्हणाली, "ताई, च्या मी देते हिकडून. तिच्याकडचं काही घेऊ नका."

माझी मैत्रीण दारात आली. तिचे केस गेले होते, गालाची हाडं वर आली होती. डोळे तेच. तिनं मला नीट बघितलं आणि म्हणाली, "बी.ए. बाई आल्या. बसा, खुर्ची न्हाई."

मी खाली तिच्या वाकळेवर बसले. तिनं म्हटलं, "लांब बस," आणि मी बसले तिथंच बसून राहिले. मग ती हसली. हसताना तिला उचकी लागली. मला बरं वाटलं.

आम्ही बराच वेळ बोललो. गावातलं कोण कुठं आहे, शाळेची नवी इमारत, आबांची मेंढरं किती राहिली. ती म्हणाली, "आबांना सांग, माझ्या आप्पांच्या वावरात आता नका बसवू. तिकडं वासच येतोय आता, पर मेंढरांचा न्हाई." आणि पुन्हा हसली. मी तिला पुण्याचं सांगितलं. औषधाचं, फुकट असल्याचं, मी येते म्हणून.

"आता तू बी गोळ्या देणार का मला?" ती म्हणाली. "लहानपणी मी तुला दिल्या."

"देणार."

"किती दिवस?"

"रोज."

ती बोटांनी वाकळेचा दोरा ओढत बसली. मग एकदम म्हणाली, "एक इचारू? माझं काय चुकलं व्हतं गं? कट्टी कशापायी केलीवतीस तू? मी किती डोकं खाजवलं, मला आठवंनाच. लग्नात बी इचारणार व्हते."

माझ्या मनात सगळं लख्ख होतं. लिंबाची सावली, शिरूरच्या पोरीच्या रिबिनी, झग्याचं टोक. पण समोर ती तशी बसलेली. एका वाक्यासाठी हिनं एवढी वर्षं बोटं जोडून दाखवली, हे तिला आता कुठल्या तोंडानं सांगायचं? मी म्हटलं, "काही नाही गं. पोरकटपणा. मलाही आठवत नाही."

"मग सोड की," ती म्हणाली आणि दोन बोटं पुढं केली.

मी पुडीतून गोळी काढली. मला ते नुसतं बोटांनी करायचं नव्हतं. मला ते नीट करायचं होतं, जसं तेव्हा व्हायला हवं होतं तसं. मी माझ्या ओढणीचं टोक घेतलं, त्यात गोळी गुंडाळली, पीळ दिला आणि तिच्या तोंडापुढं धरलं. "फोड," मी म्हटलं.

तिनं ओढणीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग दाराबाहेर भिंतीवरच्या त्या ताटलीकडे. जोडलेली दोन बोटं तिनं हळूच मांडीवर ठेवली.

"व्हय," ती म्हणाली. "कापड मधी असलेलं बरं. तू शिकलेली हाईस, तुला कळतं."

ती काय म्हणतेय हे मला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, "अगं नाही. तसं नाही. चिमणीचे दात. विसरलीस का?"

"न्हाई इसरले. मला काय वाईट न्हाई वाटलं. सगळेच घेत्यात मधी काहीतरी. सासू तर ताट बी पायानं सरकवती. तू निदान चांगलं कापड घेतलंस."

"अगं, एका ताटात जेवून सुद्धा होत नाही ते. मी वाचलंय."

"वाचलंस आन् तरी कापड घेतलंस," ती म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता. राग असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

तिला खरं सांगायला हवं होतं. हे कापड तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे, तू एकदा माझ्या झग्याला नाही म्हणालीस, तेव्हापासून मी हे धरून बसलेय. पण मग तिनं काय केलं होतं तेही सांगावं लागलं असतं, आणि क्षणापूर्वीच मी 'आठवत नाही' म्हणाले होते. मी ओढणीतून गोळी काढली आणि तशीच उघडी तिच्या तोंडाजवळ नेली. म्हटलं, "अर्धी तू तोड, अर्धी मी खाते. आत्ता तुझ्यासमोर."

तिनं माझं मनगट धरलं. हात गरम होता.

"मला दाखवायसाठी उष्टं खाऊ नको," ती म्हणाली. "राहू दे. अख्खी तूच खा."

बाहेरून सासूचा आवाज आला, "ताई, च्या घ्या." माझं मनगट सोडून ती उठली आणि लांब, भिंतीला टेकून बसली. निघताना मी पुन्हा पुण्याचं काढलं. सोमवारी सुट्टी टाकते, चौफुल्याच्या स्टँडवर थांबते, सकाळच्या गाडीनं जाऊ. ती मान हलवत राहिली. हातातली गोळी मी परत पुडीत टाकली आणि पुडी तिथंच ठेवली.

सोमवारी मी चौफुल्याला थांबले. सकाळची गाडी गेली, त्यानंतरच्याही गेल्या. ऊन डोक्यावर आल्यावर मी वडापच्या जीपनं तिच्या गावी गेले. ती दारात येऊन उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

"दीर नेणार हाय मला," ती म्हणाली. "तू नोकरी सोडून कशाला. तुला बी घर हाय. तू कशाला अंगाला लावून घेतीस?"

मागं ओसरीवर दीर बसला होता. त्यानं वर बघितलं नाही. तो तिला कुठंही नेणार नाही हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. मी तिला ओढून नेऊ शकले असते का, असं कुणी विचारेल. माणूस ओढून नेता येतो. पण त्या गोळ्या रोज घ्यायच्या होत्या, आणि त्या घेण्यासाठी माझ्यावर तिचा जेवढा विश्वास लागला असता, तो मी त्या ओढणीच्या टोकात घालवला होता. पुढंही मी दोनदा गेले. एकदा ती झोपली होती, असं सासूनं सांगितलं. एकदा मला आतून तिची खोकल्याची उबळ ऐकू आली आणि दार उघडलं नाही.

पाऊस लागायच्या आत ती गेली. दहाव्याला मी गेले. पत्र्याची खोली रिकामी करून आत खताच्या गोण्या रचल्या होत्या. खिळ्यावरची ताटली, पेला आणि कप उसाच्या बांधावर फेकून दिले होते, कप फुटला होता. तिचे आप्पा मांडवात खाली मान घालून बसले होते. मी त्यांच्याशी बोलले नाही.

निघताना सासू मागून आली. तिच्या हातात लिमलेटची पुडी होती, पदराच्या टोकात धरलेली. "ही तुमचीच ना ताई? तिनं कुनाला हात लावू दिला न्हाई. आन् आता हितं कोन खानार? घेऊन जा तुमची तुम्ही." तिनं ती माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली.

एसटीत मी पुडी उघडली. एकही गोळी कमी नव्हती. पत्र्याखालच्या उन्हाळ्यात सगळ्या वितळून एक झाल्या होत्या, कागदासकट चिकटलेली नारिंगी ढेप, दगडासारखी. मी ती ओढणीत गुंडाळली आणि दाढेखाली धरून बघितली. फुटली नाही.